दोरीची लिफ्ट

चौथा मजला

"आजोबा, जाळी लावा. जाळी उघडी राहिली की लिफ्ट हलत नाही. तुम्हीच सांगितलंय."

कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीचं मोठं कडं होतं. पुढे नऊ वर्षांची क्षितिजा, मागे सहा वर्षांची मिनल. मधली जागा रिकामी. कडं दाराबाहेर, अगदी जिन्याच्या तोंडाशी उभं होतं.

दारात प्लास्टिकची खुर्ची तयार होती. खाली मुलींचे पप्पा, गुणवंत, गाडीत सामान भरत होते. जरा वेळाने ते आणि त्यांचा मित्र जितेश वर येणार, आजोबांना खुर्चीत बसवून खाली उतरवणार. मग गाडी रत्नागिरीकडे, काकांच्या बैठ्या घरी. कायमची. "इथे आठ महिने खिडकीत बसून आहेत," पप्पा रात्री मम्मीला सांगत होते, "तिथे निदान अंगणात तरी येतील. जिना उतरत असते तर कशाला पाठवलं असतं?"

मुली जाग्या होत्या.

खारी गावाजवळच्या या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आठ महिन्यांपूर्वी मिनलला शाळेत सोडायला निघालेले आजोबा, धर्माजी, तिच्यासकट जिन्यात पडले. तिच्या हनुवटीला तीन टाके. त्यानंतर ते दाराबाहेर आले नव्हते. गुडघे, असं सगळे म्हणत. ते स्वतः काहीच म्हणत नसत. फक्त मिनल जवळ आली की त्यांचा डावा हात खिशात जाई.

मिनल रोज कोणी ना कोणी असते. सोमवारी मासा होती. मंगळवारी प्रेशर कुकर. आज ती लिफ्टचं बटण होती.

"लिफ्टमन पाहिजे," क्षितिजा म्हणाली. "मम्मी, तू ये."

"तिला काय येतंय?" आतून आजोबांचा आवाज आला.

मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात एकतीस वर्षं लिफ्ट चालवलेला माणूस उठला. उंबऱ्यापाशी थांबला. ओलांडला. दोरीच्या आत आला, उजव्या हाताने कठडा धरला आणि डाव्या हाताने हवेतली जाळी सरकवली. एक. मग दुसरी. मुलींची मम्मी, ममता, धरायला पुढे झाली आणि तिथेच थांबली.

"कितवा मजला?"

"तळमजला!"

त्यांनी मिनलच्या कपाळावर बोट टेकवलं.

"टिंग," बटण म्हणालं.


तिसरा मजला

जिन्याच्या सिमेंटच्या नक्षीतून ऊन आत येत होतं. पायऱ्यांवर त्याचे चौकोन हलत होते.

"भरती आलीय," क्षितिजा म्हणाली. "हळू."

धर्माजींनी एक पाय पाण्यात ठेवला. दुसरा त्याच पायरीवर, त्याच्या शेजारी. मग पुढची पायरी. तिसऱ्या मजल्यावर मिठागर लागलं, पांढऱ्या ढिगांचं. हंसाबेनच्या दारात व्हाइट सिमेंटच्या गोण्या पडल्या होत्या, तेच हे मिठागर. हंसाबेन दुधाची पिशवी घेऊन दारातच उभ्या.

"अरे दादा! आप नीचे जा रहे हो?"

"लिफ्ट फुल है बेन," धर्माजी सरळ समोर बघत म्हणाले. "दूसरे फेरे में."


दुसऱ्याच्या जरा वर

लिफ्ट बंद पडली.

हीच ती पायरी. कडा तुटलेली. मिनलने त्यांचा डावा हात धरायला बोटं पुढे केली. हात खिशात गेला.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. वरून कुठून तरी कबुतराचं पीस तरंगत आलं, त्यांच्या मधून खाली गेलं. घाई नव्हती त्याला.

"अडकली की काय करायचं, आजोबा?"

"पॅसेंजरशी बोलायचं. घाबरू द्यायचं नाही."

"मग बोला ना."

ते तुटक्या कडेकडे बघत राहिले.

"लिफ्टमन मधेच उतरून जाऊ शकतो?" मिनलने विचारलं.

"छे. पॅसेंजर पोचेपर्यंत लिफ्ट सोडायची नाही."

स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे ते थबकले. आणि पाय खाली टेकवला.


पहिला मजला

इथे लिफ्ट थांबली नाही.


तळमजला

गुणवंत आणि जितेश वर जायला निघाले होते. गुणवंतच्या हातातली बॅग खाली आली.

"बाबा?"

धर्माजींनी दोन्ही जाळ्या उघडल्या. मुलींना बाहेर जाऊ दिलं. मग स्वतः दोरी ओलांडली.

"जित्या, सामान काढ," गुणवंत म्हणाला. तो हसत होता. "कोणी कुठे जात नाहीय."

"राहू दे," डावा हात खिशात घालत धर्माजी म्हणाले. "निघू या."

"अहो, पण आता उतरलात ना तुम्ही!"

"पाय चालतात रे. हाताचा भरवसा नाही. पोर सुटली माझ्या हातातून. परत सुटेल."

गाडीची डिकी उघडीच होती.

"सुटले नव्हते मी," मिनल म्हणाली. "त्या दिवशी मी बगळा होते."

"काय होतीस?"

"बगळा. खाडीवरचा. मी उडाले. तुम्ही हात सोडलाच नाहीत, म्हणून तुम्हीपण आलात."

क्षितिजा तिच्याकडे बघतच राहिली. "आणि हे तू आत्ता सांगतेयस?"

"मी कोण होते ते कोणी विचारलंच नाही."

धर्माजींनी डावा हात खिशातून बाहेर काढला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग ते दोरीच्या आत जाऊन उभे राहिले आणि तो हात त्यांनी मिनलपुढे धरला.

"कितवा मजला?"