चेकरची जागा

झीनतनं सहावा टॉवेलही बाजूला सारला. त्यातला सुटलेला धागा कुणालाही दिसला असता. तिला असा दोष हवा होता, जो कुणालाच सापडणार नाही.

अकरा वाजता मुलाखती होत्या. चेकरच्या जागेसाठी तीन बायका येणार होत्या. ही जागा झीनतच्या अम्मीची, जुलेखाभाभीची. अक्कलकोट रोडवरच्या या कारखान्यात तिनं एकोणीस वर्षं टॉवेल तपासले. चार महिन्यांपूर्वी झीनत इथेच ऑफिसात लागली आणि त्याच आठवड्यात अम्मीनं काम सोडलं. सगळ्यांना नवल वाटलं होतं. मग दोन महिन्यांत ती गेलीच. "तिच्यासारखी एक शोधून काढ," मालक झीनतला म्हणाले होते.

तिच्यासारखी कुणी नव्हती. शेवटच्या वर्षात तर अम्मी डोळे मिटून टॉवेल तपासायची. नुसता हात फिरवायची आणि दोष असेल तिथे बोट थांबायचं. बाहेरगावचे व्यापारी आले की मालक त्यांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी नेत.

शेवटी झीनतला हवा तो टॉवेल मिळाला. निळा. विणीत काही खोट नव्हती. एका टोकाला रंग किंचित फिका होता, तोही खिडकीपाशी धरल्यावरच कळत होता.

सुपरवायझर भीमाशंकर मागे उभा राहून बघत होता. "मॅडम, चेकर घ्यायचीय का कलेक्टर?" तो म्हणाला. "सगळ्या नापास व्हतील की."

"होऊ देत."

तिनं तो टॉवेल गठ्ठ्यात मधोमध ठेवला.

पहिल्या दोघी नापास झाल्या. त्यातली एक तर निळ्या टॉवेलवर हात ठेवून म्हणाली, "ह्यो एकदम ब्येस हाय." झीनतनं शेरा लिहिला. तिला बरं वाटलं.

तिसरी नागव्वा होती. पॅकिंगमधली. अकरा वर्षं अम्मीच्या शेजारच्या टेबलावर घड्या घालणारी. यादीत तिचं नाव पाहिल्यापासून झीनतच्या मनात राग होता. जागा रिकामी व्हायचीच वाट बघत होती जणू.

"मला इंटरव्ह्यू कसा देत्यात ठावं न्हाय," नागव्वा म्हणाली. "काय चुकलं तर हसू नका, मॅडम."

"एवढे टॉवेल तपासायचे, मावशी. बस."

नागव्वा भराभर हात चालवू लागली. दोन टॉवेल तिनं बाजूला टाकले. दोन्हींत दोष होता. मग निळा हातात आला. ती थांबली, दारापर्यंत गेली, टॉवेल उन्हात धरला आणि परत येऊन तोही बाजूला टाकला.

"टोकाला रंग उतरलाय. दोनदा धुतला की उठून दिसंल."

झीनतनं शेऱ्याचा कागद पुढे ओढला. "हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? रंगाचं मीच बघत व्हते की. हाताला धागा कळतो. रंग कसा कळंल?"

झीनतचं पेन थांबलं. एवढी साधी गोष्ट तिच्या कधी मनातच आली नव्हती. मालकांच्या नाही, व्यापाऱ्यांच्याही नाही.

नागव्वानं जीभ चावली. पण आता उशीर झाला होता.

"शुगरनं नजर गेली व्हती तिची," ती हळूच म्हणाली. "डोळं उघडं ठेवून चाचपडली असती, तर लोकांना कळलं असतं. मिटल्यावर कोन विचारतंय? ती हात फिरवून माज्याकडं सरकवायची. मी घडी घालता घालता रंग बघायची, डाग बघायची."

"घरी मला कधीच कळलं नाही," झीनत म्हणाली.

"घरात भांडी जागच्या जागी असत्यात, बाळ. हितं रोज नवा माल."

शेजारच्या शेडमधून मागांचा आवाज येत होता. झीनतनं नागव्वाच्या नावापुढे 'पास' लिहिलं.

"काम का नाही सोडलं तिनं तेव्हाच?" तिनं वर न बघता विचारलं. "वर्षभर कशासाठी?"

"मी बी लई सांगितलं. ऐकतीय कुटं? म्हनायची, चेकरबाईची पोरगी म्हनून मालक बोलवनार हायत तिला. आधी झीनतचा इंटरव्ह्यू होऊ दे."