आठ हजारांची चूक

"आई, पाचला प्रवेशाची साइट बंद होते. वीसच मिनिटं राहिलीत," लेक म्हणाली.

तिची आई, सिस्टरबाई, बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. पोट शिवण्याआधी रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजायच्या, एकही आत राहू नये म्हणून, आणि सांगायचं, "मोजणी बरोबर." हे दोन शब्द कानी पडल्याशिवाय टाका घालायची भल्याभल्या सर्जनची टाप नव्हती.

लेकीलाही नर्सच व्हायचं होतं. लहानपणी एकही बाहुली तिच्या सलाइनमधून सुटली नव्हती.

टेबलावर सिस्टरबाईंनीच आखलेला कागद होता. डावीकडे नर्सिंग: चार वर्षं, सुरुवातीचा पगार बत्तीस हजार. उजवीकडे फिजिओथेरपी: साडेचार वर्षं, चाळीस हजार.

"बघ बाई. सहा महिने जास्त शिकलीस की आठ हजार जास्त. वर रात्रपाळी नाही. एवढं तर वेड्यालाही कळेल!"

लेकीचं बोट मोबाइलवर अधांतरी राहिलं.

"आई, काल तुझा डबा द्यायला आले, तेव्हा तुमच्या नव्या सिस्टरला विचारलं मी. तिला चाळीस मिळतात."

देव सगळं बघतो म्हणतात. त्या दिवशी लेकीने बघितलं. सिस्टरबाई चष्मा पुसत राहिल्या. काच झिजायची वेळ आली.

"खोटं लिहिलंस? तू?"

"पगाराचं काय घेऊन बसलीस गं!" त्यांचा आवाज फाटला. "तू वर्षाची होतीस. एक घडी कमी भरली. पोट उघडं, सर्जन ओरडतायत, आणि मी म्हणतेय, शिवू नका. चाळीस मिनिटं! शेवटी माझ्याच चपलेला चिकटलेली सापडली. पेशंट ठणठणीत होऊन घरी गेली. मी मात्र अजून मोजतेय. भाजी निवडताना, जिना चढताना. हे तुझ्या वाट्याला नको, एवढंच."

पाच मिनिटं उरली. लेकीने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"मोजणी जुळली नाही तर काय करायचं असतं?"

"पहिल्यापासून मोजायचं," सिस्टरबाई सवयीने बोलून गेल्या.

"मग मोज."

सिस्टरबाईंनी बत्तीस खोडून चाळीस लिहिलं. मग जागा नव्हती तरी नर्सिंगच्याच खाली दाटीवाटीने लिहिलं, 'चाळीस मिनिटं. जन्मभर.'

लेकीने कागद दोनदा वाचला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मोजणी बरोबर," ती म्हणाली आणि मोबाइलवर 'नर्सिंग'ला बोट टेकवलं.

सिस्टरबाईंचा हात तिला अडवायला उठला होता. पण हे दोन शब्द उच्चारले गेले की मग कुणी कुणाला अडवायचं नसतं. बावीस वर्षं तो नियम त्यांनीच पाळला होता.