लाल वायर

मबरूकाने रेडिओ बंद केला.

"असू दे ना आई, गाणं चांगलं होतं," अनीस म्हणाला. सुकाणूच्या चाकावर हात ठेवून तो असा उभा होता, जणू बोट कधीच त्याची झाली होती.

"गाणं घरी ऐक. इथे मला बोट ऐकायची आहे."

महदिया बंदराच्या धक्क्यावर दुपारची सामसूम होती. रेडिओ थांबला तशी पायाखालच्या फळ्यांतून बारीक गुरगुर ऐकू येऊ लागली. मबरूकाने तिजानीकडे पाहिलं. तिजानी हसला. बोट त्याची, जुनी, लाकडी, नुकताच निळा रंग दिलेली. ईद झाली की त्याची मुलगी रीम अनीसची बायको व्हायची होती, आणि त्याआधी ही बोट अनीसने विकत घ्यायची असं दोन्ही घरांत घोळत होतं.

"पाणी उपसायचा पंप आहे, विहीणबाई. तळाशी थोडं साठलं की आपोआप चालू होतो. लाकूड म्हटलं की पाझरायचंच."

"आपोआप बंदही होत असेल?"

"होतो तर!"

मबरूका तशीच उभी राहिली. गुरगुर काही थांबली नाही.

"पंप चालला की समोर दिवा लागतो," ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या बोटीत लागायचा."

"जळालाय तो. नवा आणायचा राहून गेला."

तिने तो इवलासा दिवा फिरवून काढला आणि उन्हात धरला. आतली तार शाबूत होती.

"आई!" अनीस दबक्या आवाजात म्हणाला. "शोभतं का हे? काका काय परके आहेत?"

"परके असते तर इतका वेळ घातला नसता."

तिने गुडघे टेकून एक फळी उचलली. खाली वायरींचा गुंता होता. खाऱ्या हवेने काळ्या पडलेल्या, टोकांना हिरवट बुरा चढलेल्या. त्यांत एक लाल वायर मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी होती. पंपाकडून निघून, मधली सगळी बटणं टाळून ती थेट बॅटरीला चिमट्याने लावली होती.

"म्हणजे बोटीतलं सगळं बंद केलं तरी पंप चालूच."

"मुद्दाम केलंय तसं," तिजानी लगेच म्हणाला. "माणूस घरी झोपला तरी पंप जागा पाहिजे. काळजी म्हणून हो."

बोलणं अगदी बरोबर होतं. मबरूकाला ते खरं निघायला हवं होतं. रीम तिला आवडली होती. असली सून शोधून मिळायची नाही. पण पहाटे किनारा दिसेनासा होईल इतक्या लांब, एकट्याने, या फळ्यांवर उभं राहून ऑक्टोपस धरायला तळाशी सोडलेली मडकी वर ओढायची होती ती तिच्या पोराला.

"चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि तिने चिमटा काढला.

गुरगुर थांबली.

"आता कॉफी पिऊ. इथेच."

"इथे कशाला? घरी चला. खजुराचे गोड मकरूद केलेत."

"इथे वारा छान आहे, व्याही."

अनीसने बोटीवरूनच हाक मारली, तशी समोरच्या गल्लीतून रीम कॉफीचं भांडं घेऊन आली. संत्र्याच्या फुलांचा वास बोटभर पसरला. मबरूकाने तिला शेजारी बसवून घेतलं आणि लग्नाचं बोलणं काढलं. वाजंत्री कोण, मेंदीला कोण कोण येणार. तिजानी भराभर बोलत होता. गरम कॉफी त्याने दोन घोटांत संपवली आणि तो उठला.

"चला, ऊन फार झालं."

"बसा हो. भांड्यात अजून आहे. आणि पाहुण्यांना उठवतंय कोण, तर मुलीचा बाप!"

रीम हसली. तिजानी बसला. दुसरा कप त्याने हातात धरला, पण पिईना. त्याची नजर वारंवार पायांपाशी जात होती. मबरूका लग्नातल्या मिठाईबद्दल बोलत राहिली.

दोन फळ्यांमधली फट काळपट झाली, मग चमकली. पाणी फळीवर आलं आणि सिगारेटचं एक थोटूक हळूच जागचं हललं. अनीसची चप्पल ओली झाली. त्याने पाय वर घेतला. चाकावरचा त्याचा हात कधी खाली आला ते त्यालाही कळलं नाही.

"बर्फ," तिजानी म्हणाला. "सकाळी मासळीच्या पेटीत बर्फ भरला होता. वितळला असणार."

"असेल," मबरूका म्हणाली. ती कपात पाहत होती. "बर्फच असेल."

अनीस तिजानीकडे पाहत होता, आणि तिजानी धक्क्याकडे.

रीमने भांडं बाजूला ठेवलं. ती वाकली, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे, बाबा," ती म्हणाली.