तिसऱ्या गाण्यानंतरची बाई

संसार विश्वासावर उभा असतो, असं त्याची बायको पस्तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आली होती. तो विश्वास तिसरं गाणं संपल्यावर चार सेकंदांत आडवा झाला.

रॉक बँडच्या मागच्या रांगेत जन्मभर बेस गिटार वाजवून, साठीत त्यानं पहिला एकट्याचा अल्बम काढला होता. तोही लाइव्ह. प्लंबर यायचा होता म्हणून ती कार्यक्रमाला गेली नव्हती. आणि आता रेकॉर्डिंगमध्ये टाळ्यांच्या कडकडाटात एक बाई जीव तोडून ओरडत होती, “राजा, अजून एकदा!”

“अहो, ही कोण?”

“अगं, ऐकायला आलेले लोक ओरडतातच.”

“समोर उभ्या गिटारवाल्यासाठी ओरडतात. तुमच्याकडे इतक्या वर्षांत कुणी ढुंकून पाहिलंय?”

नणंदेनंही हेडफोन लावून दोनदा ऐकलं. “वहिनी, पुढच्याच रांगेत बसलीय हो,” ती गंभीरपणे म्हणाली.

“खरं सांगा,” बायकोनं मोबाइल उचलला. “नाहीतर त्या साउंडवाल्यालाच विचारते.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “त्याला फोन नको,” तो घाईघाईनं म्हणाला आणि बहिणीदेखत मान खाली घालून पुटपुटला, “आहे एक. दोन वर्षं झाली.”



टाळ्या साउंडवाल्यानं दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमातून आणून चिकटवल्या होत्या. ह्याच्या कार्यक्रमाला नऊ जण आले होते, नऊही पुरुष.