डॉक्टरीणबाईंचा हात

म्हातारी सात-आठ वाक्यं बोलली. थोरल्याने डॉक्टरीणबाईंना त्यातले दोन शब्द सांगितले.

"एवढंच?" म्हातारीने लेकाला विचारलं.

"त्यांच्या भाषेत थोडक्यात होतं, आई."

म्हातारी दोन इयत्तांच्या पुढे शिकली नव्हती, पण बनवाबनवी ओळखायला शाळा लागत नाही. तिची नजर डॉक्टरीणबाईंच्या हातावर होती. किराण्याची यादी करावी तसं पेन फॉर्मवर सरसर चाललं होतं. म्हातारीने सांगितलं होतं, तिकडे गावी माझी धाकटी बहीण वारली आणि या माझ्या पोटच्या गोळ्याने पंधरा दिवस मला पत्ता लागू दिला नाही. बहीण गेल्याचं ऐकून कुठल्याही मुलखातल्या बाईचा हात क्षणभर तरी अडखळेल. हा अडखळला नव्हता.

"काय सांगितलंस तिला?"

"झोप लागत नाही म्हणून."

"झोप! मी झोपेचं नाव तरी काढलं का रे?"

"हळू बोल, आई. बाहेर ऐकू जातं."

"जाऊ दे की. कळतंय कुणाला इथे!"

टेबलावर एक काळा फोन होता. आल्या आल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं होतं आणि थोरल्याने घाईघाईने नको म्हणून मान हलवली होती. त्या फोनवर आपली भाषा जाणणारं माणूस मिळतं म्हणे, इकडचं तिकडे सांगायला. "परक्यासमोर घरचं कशाला उघडं करायचं?" असं वर तिलाच समजावलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं आणि म्हातारीकडे बघून पुढचा प्रश्न विचारला. बाई वाईट नव्हती. निदान माणसाकडे बघून बोलत होती. थोरल्याने मात्र परस्पर उत्तर देऊन टाकलं.

"आता काय म्हणाली?"

"काही नाही गं. तुझ्या देवाधर्माचं काही आहे का, उपचार करताना लक्षात घ्यावं असं."

म्हातारी खुर्चीत सरसावून बसली. "मग?"

"मांस खात नाही म्हणून सांगितलं."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, आत्ता कुठे ती बाई कामाचं बोलली! सांग तिला. तू रोज म्हणायचास, मावशी सुधारतेय. आणि मी रोज सकाळी देवापुढे हात जोडून तिचं आयुष्य मागायची. पंधरा दिवस! मेलेल्या बाईचं आयुष्य! देव मला काय म्हणाला असेल? आणि धाकटीला काय वाटलं असेल, मी गेले ते ताईला कळलंसुद्धा नाही? विचार, विचार तिला. यावर गोळी आहे का म्हणावं."

थोरल्याचा चेहरा उतरला. "तुझं बीपी वाढलं असतं. एकटीला विमानात कसं बसवणार होतो तुला? तुझ्या काळजीपोटीच..."

"मला नको सांगू. तिला सांग."

तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. घसा खाकरला. काहीतरी बोलला. पेन पुन्हा सरसर चालू लागलं.

"काय सांगितलंस?"

थोरला स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "भूक कमी झालीय म्हणून."

म्हातारी खुर्चीत मागे टेकली. थोरल्याला वाटलं, दमली. पण ती शब्द जुळवत होती. इथल्या भाषेतले तिला येत होते जेमतेम सात-आठ. काही नातीच्या चित्रांच्या पुस्तकातले: आई, बाप, भाऊ, बहीण. काही कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडून उचललेले. जायला उशीर झाला की तो रिकाम्या फळीवरून हात फिरवून एक शब्द म्हणायचा. संपलं.

ती पुढे वाकली. छातीवर हात ठेवला आणि त्या परक्या भाषेत म्हणाली, "बहीण." मग पाववाल्यासारखा टेबलावरून हात फिरवला. "संपलं." मग लेकाकडे बोट केलं, आपल्याच तोंडावर तळवा दाबला, आणि बोटं दाखवली. आधी दहा. मग पाच.

पेन थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी म्हातारीकडे पाहिलं. मग थोरल्याकडे, बराच वेळ.

"आई, काय हे! काय वाटेल त्यांना?"

"वाटू दे," म्हातारी म्हणाली. "कुणाला तरी वाटू दे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, आणि तो काळा फोन थोरल्यासमोरून उचलून म्हातारीपुढे ठेवला.