चोवीस तासांचा डबा

सिस्टरने दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. आतली लघवी केशरी होती.

केशरी असायची ती पहिल्या डब्यातली. तो डबा खिडकीजवळच्या मुलीचा. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून तिच्या अंगात लोह साठलं होतं, आणि ते बाहेर काढणाऱ्या औषधाने लघवीला हा रंग यायचा. दुसरा डबा शेजारच्या खाटेवरच्या सहा वर्षांच्या मुलाचा. त्याचा बाप घरातच जुन्या बॅटऱ्या फोडायचा. त्यातलं शिसं पोराच्या रक्तात उतरलं होतं. मुलीने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं होतं – शिसपेन्सिल. त्याचं औषध निराळं, त्याने रंगबिंग काही येत नाही. बापाने बॅटऱ्या घराबाहेर हलवल्या होत्या. आता आठ वाजता चोवीस तासांची लघवी साठवलेला हा डबा तपासणीला गेला, की पोर घरी जायला मोकळं.

"बॅग भरली, सिस्टर," दारातून त्याची आई म्हणाली. "निघू ना?"

"थांबा हो जरा."

रक्त तर नसेल? सिस्टरने डबा उजेडात धरला. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिने वही उघडली. मुलीच्या डब्याची काल संध्याकाळची नोंद होती सहाशे मिलिलिटर. आता डब्यात चारशे. लघवी रात्रीतून वाढते, आटत नाही.

दोन्ही हातांत दोन डबे घेऊन ती वॉर्डात शिरली. मुलगी सापशिडीच्या पटावर वाकली होती, जणू ती त्या गावचीच नाही.

"हा काय प्रकार आहे?"

"मला पण केशरी पाहिजे होती," शिसपेन्सिल ऐटीत म्हणाला. "ताईने दिली. मगभर!"

"त्याने मागितली, मी दिली," मुलगी मान वर न करता म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, वाटून घ्यावं?"

"खाऊ गं बाई, खाऊ! खाऊ वाटून घ्यायचा!"

आईने कपाळावर हात मारला.

"आणि कालपासून मी घसा कोरडा करून काय सांगतेय? एक थेंब जरी इकडचा तिकडे झाला, तर–"

"तर पुन्हा पहिल्यापासून," मुलीने वाक्य पुरं केलं. धडा तोंडपाठ होता. "आणखी चोवीस तास. दोघांनाही."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, मग शिसपेन्सिलच्या खाटेकडे. तिथली चादर आईने सकाळीच घडी घालून ठेवली होती.

"म्हणजे मी आज घरी नाही जाणार?" शिसपेन्सिलचा ओठ थरथरायला लागला.

"उद्या जा की," मुलगी म्हणाली आणि तिने फासा त्याच्या हातात कोंबला. "टाक. तुझी पाळी."

त्याला सहा पडले. तो रडायचं विसरला.

सिस्टरने दोन नवे डबे आणले, नावं घातली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. तिथे तिचाही हात टाचा उंचावल्याशिवाय पोचत नव्हता. मग तिने वहीत लिहिलं, 'दोन्ही नमुने बाद'. पुढे 'कारण' असा रकाना होता. तिने पेनाचं टोपण चावलं, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'शेजारधर्म'.