एकच रेघ

कंपनीची फाइल आली ती नेमकी जेवणाच्या सुट्टीत. मावशींनी हातातला घास डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं. ऑफिसात त्यांना सगळेच मावशी म्हणत, साहेबसुद्धा. "उघडा," त्या म्हणाल्या, पण स्वतः काही जागच्या उठल्या नाहीत.

शेजारच्या टेबलवरच्या चष्मेवाल्याने फाइल उघडायला घेतली. बघता बघता सगळं ऑफिस त्याच्या खुर्चीमागे जमलं.

कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनवणाऱ्या या कंपनीने किती नग विकले आणि सरासरी कितीला विकले, हे सांगणं फार पूर्वीच बंद केलं होतं. दर तिमाहीला एकूण विक्रीची रक्कम तेवढी जाहीर व्हायची. म्हणजे गुणाकार सांगणार, पण कशाला कशाने गुणलं ते विचारायचं नाही. ते दोन आकडे हुडकून काढणं हे बाजाराचे अंदाज बांधणाऱ्या या ऑफिसातलं मावशींचं काम. एक मिळाला की दुसरा भागाकाराने निघतो, पण तो एक मिळायला हवा ना! प्रोसेसर ज्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये घालून पाठवतात त्या ट्रेवाल्यांना त्या फोन करायच्या, प्रोसेसर थंड ठेवणारे पंखे बनवणाऱ्यांना करायच्या, दुकानांतले भाव बघायच्या आणि गेल्या वेळच्या आकड्यावर या वेळची वाढघट चढवायच्या. पंगतीला किती माणसं होती ते उष्ट्या ताटांवरून ओळखावं, तसला प्रकार. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी हे सुरू झालं. आता त्या मुलीलाच मुलगा आहे.

आणि इतक्या वर्षांत आकडा बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. घरी नवरा थट्टा करायचा, की तुझं बरं आहे बाई, पेपर लिहायचा आणि तपासणारा कुणी नाही. मावशी हसायच्या. पण एखाद्या तिमाहीला जरा घसरलं असेल, तर ते पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरलं असणार आणि वाढतच गेलं असणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आपलं सगळं आयुष्य हवेतले आकडे मांडण्यात गेलं की काय, ही धास्ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आणि आज कंपनीच्या नव्या कारभाऱ्यांनी जुने सगळे आकडे एकदम खुले केले होते.

चष्मेवाल्याने आधी मावशींचे आकडे घेतले, निळ्या रेघेत. मग त्यावर कंपनीचे, लाल रेघेत. पडद्यावर डावीकडून उजवीकडे, चढत, उतरत, पुन्हा चढत, एकच लाल रेघ उमटली.

"मावशी, तुमची रेघ येतच नाहीये," तो म्हणाला. त्याने सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. साहेब म्हणाले की या मशीनला आजच मरायचं होतं. कुणीतरी वायर हलवून बघितली. मावशी मात्र आता उठून उभ्या राहिल्या होत्या.

मग चष्मेवाला एकदम थांबला. लाल रेघेच्या उजव्या टोकाच्या जरा अलीकडे एका जागी निळं काहीतरी डोकावत होतं. त्याने ती जागा मोठी केली. लालखालून एक निळी रेघ बाहेर पडली होती, टेकाडासारखी वर चढली होती आणि उतरून परत लालखाली शिरली होती. तो आ वासून बघत राहिला. निळी रेघ आली नव्हती असं नव्हतंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती लालच्या खालीच होती.

साहेबांच्या अंगावर सरसरून काटा आला. कोट्यवधी नग, कुठल्या कुठे तयार झालेले, कुठल्या कुठे गेलेले, आणि या बाईने ते या खुर्चीत बसून, लोकांशी फोनवर गोड बोलून मोजले होते. आपण रोज हिच्याबरोबर चहा पितो, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

मावशी पुढे आल्या. त्यांनी पडद्याला बोट लावलं आणि रेघेवरून हळूहळू फिरवलं. इतकी वर्षं जे मोजले त्यातला एकही प्रोसेसर त्यांनी कधी हातात धरला नव्हता.

"म्हणजे खरंच होते ते इतके," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

टेकाडापाशी बोट थांबलं. ती तिमाही कुठली, ते चष्मेवाल्याने वाचून सांगितलं. मावशींनी ओठ दाबले. तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी त्या रजेवर होत्या, आणि आकडा साहेबांनी भरला होता. परत आल्यावर तो गुपचूप बाजूला ठेवून त्यांनी आपल्या जुन्या आकड्यावरून पुढे मोजलं होतं, आणि आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आत्ताही काढला नसता, पण साहेबांनाच आठवलं. हा पराक्रम आपलाच, असं ते म्हणाले तेव्हा सगळे हसले, तेही हसले.

मग साहेबांनी फाइलची शेवटची ओळ वाचली. यापुढे नगांची संख्या आणि सरासरी किंमत कंपनी स्वतःच दर तिमाहीला जाहीर करणार होती. हसू तिथल्या तिथे विरलं.

"मावशी," साहेब चाचरत म्हणाले, "मग आता आपण मोजायचं काय?"

मावशी पडद्याकडेच बघत होत्या. लाल रेघ संपत होती तिथून पुढे वीतभर जागा कोरी होती. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"पुढची तिमाही," त्या म्हणाल्या. "ती अजून त्यांनाही माहीत नाही."

डबा तसाच ठेवून त्यांनी फोन उचलला आणि ट्रेवाल्याला कंपनीने पुढच्या महिन्यांचे ट्रे किती सांगून ठेवलेत ते विचारलं. खुर्चीमागची मंडळी जागची हलली नव्हती. पलीकडून तो बोलायला लागला तशी मावशींनी हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. सगळे केव्हाचे गप्पच होते.